बिनअंड्याचा केक: कंडेन्स्ड मिल्कचा की दह्याचा?

श्रावणात येणारा वाढदिवस, गुरुवार पाळणारी आत्या, वरच्या मजल्यावरचे माळकरी आजोबा. आपल्या घरांत बिनअंड्याचा केक करायला कारण शोधावं लागत नाही. हौसेने केक करणारी मंडळी एकमेकांना फोटो आणि कृती पाठवतात तेव्हा त्यातही बहुधा दोनच घराणी दिसतात. एक कंडेन्स्ड मिल्कवाल्यांचं आणि दुसरं दही-सोडावाल्यांचं. दुधात व्हिनेगर घालून ते फाडणारे आहेत, तयार प्रीमिक्स वापरणारेही आहेत. पण दूध-व्हिनेगर ही दह्याचीच सोय आहे आणि प्रीमिक्समध्ये आपल्या हाताला ठरवायला फारसं उरत नाही, म्हणून ती दोन्ही इथे बाजूला ठेवतो.

मी दोन्ही केक बरेच केले आहेत, अजूनही करतो. ज्याला एकच कृती हाताशी बसवून घ्यायची आहे त्याच्यासाठी हे लिहितोय. ओव्हन आधी तापवणं, भांड्याला कागद लावणं, मैदा चाळून घेणं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. पुढे चमचा म्हणजे मापाचा, 5 मिलीचा, आणि कप 240 मिलीचा.

कंडेन्स्ड मिल्कचा केक मी असा करतो. 125 ग्रॅम मैदा, 1 चमचा बेकिंग पावडर आणि सपाट अर्धा चमचा खायचा सोडा एकत्र चाळायचा. 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 60 ग्रॅम वितळवलेलं बटर आणि चमचाभर व्हॅनिला फेटून घ्यायचं. त्यात मैदा आणि साधारण 75 मिली पाणी आलटून पालटून घालत हलक्या हाताने कालवायचं आणि लगेच सहा इंची भांड्यात ओतून ओव्हनमध्ये. पुष्कळ कृतींत 180 अंश सांगितलेले असतात. मी 170 वर ठेवतो, कारण हा केक वरून फार लवकर रंगतो. दुधातली प्रथिनं, दुधातली साखर आणि सोडा हे तिन्ही एकत्र आले की वरचा थर झपाट्याने तांबूस होतो आणि आतलं मिश्रण अजून ओलंच असतं. वीस मिनिटांनंतर रंग पुढे गेलेला दिसला तर वर फॉइलचा तुकडा सैल ठेवावा.

याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. पहिलं म्हणजे हा केक भरवशाचा. डबा जूनमध्ये फोडा की जानेवारीत, आतला ऐवज तोच. ऑर्डरी घेणाऱ्या बायका या केकला धरून असतात ते उगाच नाही. मागच्या महिन्यात ज्यांनी केक नेला त्यांना याही महिन्यात तोच केक हवा असतो आणि हा केक तो शब्द पाळतो. दुसरं, गार झाल्यावर तो घट्ट बसतो, आडवा कापून मध्ये क्रीम भरताना फाटत नाही. निदान माझ्या हातचा तरी दह्याच्या केकपेक्षा नीट कापला जातो. आणि तिसरं म्हणजे दुधाची चव. मुंबईत मावा केक म्हटला की ग्रँट रोड स्टेशनजवळ 1914 मध्ये सुरू झालेलं बी. मेरवान हे इराणी हॉटेल आठवतं. तो केक अंड्याचा. पण अंडं न घालता त्या आटीव दुधाच्या आणि वेलदोड्याच्या वासाजवळ जायचं असेल, तर कंडेन्स्ड मिल्कच्या मिश्रणात मूठभर खवा मोकळा करून घालावा आणि व्हॅनिलाऐवजी ताजी वेलची कुटून घालावी. दह्याच्या केकला तिथपर्यंत पोचता येत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

सोड्याच्या बाबतीत मात्र इथे हात जपून हवा. सोड्याला काम करायला आंबटपणा लागतो आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये तो नावापुरताच असतो. चमचा जरा उंच भरला गेला तर न वापरलेला सोडा जिभेला कळतो, साबणासारखी एक चव मागे राहते. म्हणून काही कृतींत शेवटी चमचाभर व्हिनेगर सांगितलेलं असतं. ते जरूर घालावं.

आता दह्याचा. 1 कप दही आणि पाऊण कप साखर, म्हणजे साधारण 150 ग्रॅम, साखर विरघळेपर्यंत फेटायची. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाचेक मिनिटं थांबायचं. मिश्रण फुलून वर येतं, बुडबुडे दिसायला लागतात. मग अर्धा कप वास नसलेलं तेल, 1 चमचा व्हॅनिला आणि शेवटी दीड कप मैदा दोन-तीन हप्त्यांत. सात इंची भांडं, 180 अंश, पस्तीस-चाळीस मिनिटं. दह्यातल्या आम्लाने सोडा पुरता वापरला जातो, त्यामुळे ती साबणी चव सहसा येत नाही. त्याच आम्लामुळे केक मऊही पडतो. बटरऐवजी तेल असल्यामुळे हा केक फ्रिजमध्ये ठेवला तरी दगड होत नाही. बटरचा केक फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावा लागतो, हा तसाच खाता येतो. शाळेच्या डब्यात द्यायला मला हाच बरा वाटतो.

दह्याची खोड एकच, पण ती खरी आहे. दही रोज सारखं नसतं. मे महिन्यात मुंबई-ठाण्याकडे सकाळी विरजलेलं दही दुपारपर्यंत लागतं आणि संध्याकाळी आंबट होतं. पुण्याच्या डिसेंबरात तेच रात्रभर दूधच राहतं. कधी वर पाणी सुटलेलं असतं, कधी दही ताणलं जातं. केकला जास्तीचं पाणी मानवत नाही, मधोमध ओला पट्टा राहतो. यावर मी एवढंच करतो की दही आदल्या दिवशीचं, मध्यम आंबट घेतो. पाणी सुटलं असेल तर पातळ फडक्यात दहा-पंधरा मिनिटं टांगतो आणि मग कप भरतो. फ्रिजमधलं दही आधी बाहेर काढून ठेवतो, कारण गार दह्यात सोडा घातला तर फुलायला वेळ लागतो. तार येणारं दही केकला घेत नाही. ही सवय अंगवळणी पडली की दह्याचा केकही बराच भरवशाचा होतो. कंडेन्स्ड मिल्कइतका म्हणणार नाही, पण घरच्या खाण्याला पुरेसा.

इथपर्यंत दोन्ही पारडी जवळपास सारखीच वाटतील. मलाही बरेच दिवस तशीच वाटत होती. माझा कल ठरला तो गोडीवरून. कंडेन्स्ड मिल्कचा केक जास्त गोड असतो असं मात्र मला म्हणायचं नाही. वर दिलेल्या मापांत साखरेचा हिशेब मांडला तर दह्याचा केक उलट काकणभर जास्तच गोड निघेल. माझी अडचण वेगळी आहे. कंडेन्स्ड मिल्कच्या केकची गोडी मला कमी करता येत नाही.

या डब्याचा इतिहासच त्याला कारण आहे. फ्रिज नव्हते त्या काळात दूध टिकावं म्हणून ही वस्तू निघाली. अमेरिकेत गेल बोर्डन यांना 1856 मध्ये दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, आणि पुढे त्यात भरपूर साखर घालून डबाबंद केलेलं दूध जगभर गेलं. त्यातली साखर चवीइतकीच टिकण्यासाठी आहे. डब्यातल्या वजनाचे साधारण 40 ते 45 टक्के बाहेरून घातलेली साखर असते, म्हणूनच तो न उघडता महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे 200 ग्रॅम घेतलं की ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर आलीच. ती बाजूला काढता येत नाही. गोडी कमी करायला कंडेन्स्ड मिल्क 150 ग्रॅम घेतलं, तर साखरेबरोबर दूध, स्निग्धांश आणि ओलावा हेही कमी होतात. केक फिका आणि कोरडा होतो, सुरी घातली की भुगा पडतो. मग दूध वाढवा, बटर वाढवा, मैद्याचा अंदाज पुन्हा घ्या. तोवर ती वेगळीच कृती झालेली असते. एका डब्यात तीन-चार जिन्नस एकमेकांना बांधलेले आहेत, आणि त्यातला एक सोडवायचा तर सगळेच सुटतात.

साध्या व्हॅनिला केकला हे जाणवतही नाही. जाणवतं ते फळं आली की. आमच्याकडे मे महिन्यात हापूसच्या पेट्या संपत आल्या की उरलेल्या मऊ आंब्यांचा रस निघतो आणि त्याचा केक हवाच असतो. कंडेन्स्ड मिल्कच्या कृतीत पाण्याऐवजी आमरस घातला की गोडावर गोड बसतं. वरचा थर आणखी लवकर काळपटतो, आतून केक चिकट राहतो, आणि आंब्याची चव, जिच्यासाठी हा खटाटोप, ती दुधाच्या गोडीखाली दबून जाते. आमच्या घरात वडीलधारी माणसं मनापासून खातात पण गोड बेताने खातात. त्यांनी अर्धा तुकडा ताटलीत बाजूला ठेवला की मला वाईट वाटतं. केक वाईट नव्हता, त्यांच्या बेताचा नव्हता, आणि तो बेत माझ्या हातात नव्हता.

दह्याच्या कृतीत साखर वेगळी मोजली जाते. आंबा गोड आहे ना, मग साखर पाऊण कपावरून अर्ध्या कपावर आणतो. एक कप दह्याच्या जागी अर्धा कप दही आणि अर्धा कप आमरस. बाकी माप तेच. दह्याचा आंबटपणा आंब्याच्या मागे हलकासा उभा राहतो, आम्रखंडात राहतो ना, अगदी तसाच, आणि आंबा पुढे येतो. पिकलेल्या केळ्यांना हेच माप चालतं. घोलवडचे चिकू मिळाले तर साखर आणखी थोडी कमी करतो, पण चिकूचा गर दाट असतो म्हणून दही पाऊण कप ठेवतो. नुसत्या व्हॅनिला केकमध्येही साखर 110 ग्रॅमवर आणून पाहिली आहे. केक थोडा कमी फुलतो, रंग जरा फिका येतो, पण खाणाऱ्यांनी दुसरा तुकडा मागितला. याहून फार खाली गेलात तर मात्र केकऐवजी पाव खाल्ल्यासारखं वाटेल.

उरलेल्या अर्ध्या डब्याबद्दल लोक तक्रार करतात, ती मला तितकीशी लागत नाही. पत्र्याच्या डब्यात न ठेवता काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवावा, ओल्या नारळाच्या लाडवांना लगेच संपतो. खर्चाचं म्हणाल तर घरी विरजण असतंच, त्यामुळे दह्याचा केक स्वस्त पडतो हे सांगायला नकोच. घरी दूध आटवून कंडेन्स्ड मिल्क करणारेही आहेत. लिटरभर दुधात साखर घालून ते तिसऱ्या हिश्श्यावर आणायचं, तळाला लागू न देता सतत ढवळायचं. त्यात साखर आपल्या मनाने घालता येते, म्हणजे माझी मुख्य अडचण त्याने सुटते हे खरं. पण पाऊण तास गॅससमोर उभं राहून मग केक सुरू करायचा, एवढी सवड असेल त्यानेच त्या वाटेला जावं.

रव्याचा विषय निघतोच म्हणून सांगतो. गोव्यातली नाताळची ‘बात’, म्हणजे तिथला केक, रवा-नारळाचीच, पण तिच्यात अंडी असतात. बिनअंड्याचा रवा केक करायचा तर दही लागणारच. बारीक रवा दह्यात अर्धा तास भिजला की फुगतो, मऊ होतो, आणि मग मैदा अगदी थोडा लागतो किंवा लागतही नाही. तिथे मी कंडेन्स्ड मिल्कचा विचारही करत नाही.

तर तुम्ही नुकतेच केक करायला लागला असाल, परवा कुणाचा तरी वाढदिवस असेल आणि केक बसता कामा नये, तर कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणा. क्रीमचे थर लावायचे असतील, परगावी केक पाठवायचा असेल, मावा केकची चव हवी असेल, तरीही तोच. पण दर पंधरा दिवसांनी घरच्याच माणसांसाठी करणार असाल, त्यात ऋतूप्रमाणे फळं घालावीशी वाटत असतील, आणि कुणाला किती गोड चालतं हे तुम्हाला माहीत असेल, तर मला वाटतं तुम्ही दह्याकडेच वळाल. सुरुवात साध्या व्हॅनिलाने करा आणि साखर पहिल्या खेपेला पूर्ण पाऊण कप घाला. तुमच्या घरचं दही कसं वागतं ते एकदा कळलं की पुढच्या वेळी तिच्यातली दोन मोठे चमचे कमी करा. आणि हा केक ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं भांड्यातच राहू द्या. गरम असताना तो फार नाजूक असतो, घाईने उलटा केला तर मधून दुभंगतो.