संशोधन संस्थेच्या करकामासाठी घेतलेली सीए फर्मची सेवा : एक अभिप्राय

आमची संस्था लहान, स्वतंत्र आणि पूर्णपणे विज्ञान संशोधनाला वाहिलेली आहे. केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता असल्यामुळे करसवलतही आपोआप मिळते, असा आमचा बरीच वर्षे समज होता. एका देणगीदार कंपनीच्या लेखापालाने कलम 35 (संशोधनासाठी दिलेल्या देणगीवर देणगीदाराला करात वजावट देणारे कलम) खालील अधिसूचनेचा क्रमांक मागितला आणि आमच्याकडे तो नव्हता, तेव्हा आम्ही या फर्मकडे गेलो. (येथील कलमे 1961 च्या आयकर कायद्यातील आहेत.)

पहिल्याच बैठकीत त्यांच्या ज्येष्ठ भागीदारांनी आमचा ताळेबंद समोर घेतला आणि ‘इतर प्रयोगशाळांना अनुदान’ या ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला. संशोधन हेच संस्थेचे एकमेव उद्दिष्ट असावे आणि ते तिने स्वतः करावे, ही या मान्यतेसाठीच्या आयकर नियम 5डी मधील अट आहे. ती ओळ तशीच ठेवून अर्ज करणे धोक्याचे ठरेल, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. ती ओळ काढण्यात आमचे एक वर्ष गेले, पण संशोधनाच्या देणग्या आणि त्यांतून झालेला खर्च यांचे वेगळे, लेखापरीक्षित विवरण ठेवण्याची शिस्त तेव्हाच लागली आणि कलम 35 खालील मान्यता मिळताना ती उपयोगी पडली.

त्यांचा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. देणगीदारांना अजूनही 175 किंवा 150 टक्के वजावट (म्हणजे 100 रुपयांच्या देणगीवर करपात्र उत्पन्नातून 175 किंवा 150 रुपये वजा) आठवते. 1 एप्रिल 2020 पासून ती 100 टक्क्यांवर आली आहे आणि कलम 115बीएए खालील कमी दराचा कर स्वीकारलेल्या कंपनीला तर कलम 35(1)(ii) ची वजावट मिळतच नाही, हे आवाहनपत्रातच लिहा, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे दोन देणगीदार मागे हटले. तरीही हा सल्ला योग्यच होता असे मी मानतो, कारण चुकीच्या आशेवर घेतलेली देणगी पुढच्या वर्षी संबंध तोडते.

जीएसटीबाबतही ते जागरूक निघाले. 10 ऑक्टोबर 2024 पासून कलम 35 खाली अधिसूचित संस्थांच्या, अनुदानातून दिलेल्या संशोधन सेवांना सूट मिळाली, तेव्हा त्यांनी विचारण्याची वाट न पाहता पत्र पाठवले. नमुने तपासून घेतलेले शुल्क हे अनुदान नव्हे, हे त्यात उदाहरणासह समजावले होते आणि त्यानुसार आम्ही पावत्यांची दोन वेगळी पुस्तके केली.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. देणग्यांचे विवरण म्हणजे फॉर्म 10बीडी 31 मेपर्यंत भरायचे असते. आम्ही सर्व पॅन क्रमांक एप्रिलमध्येच दिले असतानाही त्यांच्या कनिष्ठ सहकाऱ्याने ते 9 जूनला भरले. रोज 200 रुपयांप्रमाणे 1,800 रुपये विलंब शुल्क लागले. ते फर्मने स्वतः सोसले, मात्र देणगीदारांना वजावटीसाठी लागणारी 10बीई ही देणगीची प्रमाणपत्रे उशिरा गेली आणि त्यांना उत्तरे द्यावी लागली ती आमच्या कार्यालयाला.

कागदपत्रे नीट असलेल्या लहान संशोधन संस्थेला मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. पुढील वर्षाचे काम आम्ही त्यांनाच दिले आहे. फक्त 10बीडी 15 मेपूर्वी भरण्याची अट करारात लेखी घातली आहे.