पुण्याची डब्ल्यू १२४ खाली घ्यायची तर कुणाचे पार्ट घ्यावेत?

मर्सिडीज-बेंझ इंडियाची सुरुवात १९९४ची. १९९५मध्ये पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, डब्ल्यू १२४, म्हणजे तेव्हाची ई-क्लास, बनू लागली. चाकणचा कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००९मध्ये आला. पिंपरीत बनलेल्या त्या ई २२० आणि ई २५० डिझेल आजही पुण्या-मुंबईत जिवापाड सांभाळलेल्या दिसतात. त्यांच्या मालकांना कधी ना कधी एक इच्छा होतेच. चाक आणि मडगार्ड यांच्यातली ती मोठी फट कमी करायची, गाडी इंचभर खाली बसवायची. मग कुणी १९० ई च्या स्प्रिंगा सुचवतं, कुणी ५०० ई चं नाव घेतं, कुणी स्पोर्टलाइन म्हणतं, तर कुणी स्प्रिंगच कापायला सरळ ग्राइंडरकडे बोट दाखवतं.

हे पर्याय मी इथे एकमेकांशेजारी ठेवतो आहे. माझं मत आधीच सांगतो: दुसऱ्या गाडीची स्प्रिंग निवडताना तिच्या मागच्या बाजूचा बिल्ला पाहू नका. ती गाडी किती वजनाची होती आणि ते वजन नेमकं कोण पेलत होतं, ते पाहा. बहुतेक घोळ इथेच होतात.

एका गाडीचे पार्ट दुसरीला बसतात, कारण…

१९८२च्या शेवटी आलेली छोटी डब्ल्यू २०१, म्हणजे १९० ई, आणि १९८४च्या शेवटी आलेली डब्ल्यू १२४ या एकाच विचारातून घडलेल्या गाड्या आहेत. मागच्या चाकाला पाच दांड्यांनी धरणारी मल्टिलिंक रचना आधी २०१मध्ये आली आणि मग १२४मध्ये उतरली. पुढे दोन्हीकडे शॉकचा स्ट्रट वेगळा आणि स्प्रिंग वेगळी. ही स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांडीवर, बसते आणि वर बॉडीला टेकते. मारुती किंवा ह्युंदाईसारखी ती शॉकभोवती गुंडाळलेली नसते.

मर्सिडीजच्या पार्ट नंबरचे पहिले तीन आकडे सहसा तो पार्ट मुळात कुठल्या गाडीसाठी बनला ते सांगतात. डब्ल्यू १२४च्या स्प्रिंगवरच्या रबरी पॅडचा नंबर पुढे २०१ ३२१ने आणि मागे २०१ ३२५ने सुरू होतो. म्हणजे मोठ्या गाडीच्या बैठकीत मुळातच छोट्या गाडीचं रबर आहे. म्हणूनच २०१ची स्प्रिंग १२४मध्ये बसते. पण बसणं वेगळं आणि शोभणं वेगळं.

कंपनीने एका मॉडेलला एकच स्प्रिंग दिली, असंही नाही. एसी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सनरूफ अशा प्रत्येक जोडणीला ठरावीक गुण होते. त्यांची बेरीज करून कुठली स्प्रिंग आणि किती जाडीचा पॅड हे ठरायचं. त्यामुळे शेजाऱ्याच्या ई २२०ची उंची आणि तुमच्या ई २२०ची उंची मुळातच वेगळी असू शकते.

पहिला पर्याय: पातळ पॅड

स्प्रिंगच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या या रबरी कड्यावर छोटे उंचवटे असतात. एक उंचवटा म्हणजे ८ मि.मी. जाडी, दोन म्हणजे १३, तीन म्हणजे १८, चार म्हणजे २३. तुमच्या गाडीत चार उंचवट्यांचा पॅड असेल आणि तुम्ही एकाचा बसवलात, तर स्प्रिंगच्या जागी १५ मि.मी.चा फरक पडतो. स्प्रिंग आर्मच्या मधल्या भागात असते आणि चाक टोकाला, त्यामुळे चाकाशी मोजलेला फरक १५हून जास्त येतो. पुढचे आणि मागचे पॅड वेगळे असतात, ते अदलाबदल करून चालत नाहीत.

मला हा पर्याय मनापासून आवडतो, आणि एवढं असूनही त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, म्हणजे गाडीची ती प्रसिद्ध मऊ, भरीव चालही तशीच राहते. पॅड कंपनीच्याच यादीतला आहे. उद्या मन बदललं तर जाड पॅड परत घालता येतो. खर्च पाहिला तर रबरापेक्षा मजुरीच जास्त.

मर्यादाही आहे. आधीच एक उंचवट्याचा पॅड असेल तर हा रस्ता बंद. दोनचा असेल तर फक्त ५ मि.मी. हाती लागतात, तेवढ्यासाठी स्प्रिंग काढायला लावू नका. म्हणून इतर काहीही ठरवण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या, चारही पॅडचे उंचवटे मोजा आणि स्प्रिंगवरचे नंबर टिपून घ्या.

दुसरा पर्याय: १९० ई च्या साध्या स्प्रिंगा

डब्ल्यू २०१ भारतात कधी बनली नाही, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा नाना पेठेत तिच्या स्प्रिंगा सहज मिळतील अशी आशा धरू नका. त्या बाहेरूनच मागवाव्या लागतात. मिळाल्या तर बसतात आणि गाडी खालीही येते.

पण खाली का येते? कारण ती स्प्रिंग हलक्या गाडीसाठी बनलेली आहे. चार सिलिंडरची १९० ई डब्ल्यू १२४पेक्षा बरीच हलकी. जास्त वजन टाकलं की ती स्प्रिंग जास्त दबते, एवढंच. म्हणजे तुम्ही खाली जाण्याची जागा कमी केलीत आणि त्याच वेळी स्प्रिंगही मऊ केलीत. चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन खंबाटकीच्या पुढे एखाद्या खड्ड्यात चाक गेलं, की शॉकचा दांडा बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, जाऊन आदळणार.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. स्ट्रट असलेल्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये गाडी खाली गेली की खालचा आर्म वर कलतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर बॉडीपेक्षा वेगाने खाली जातो. वजनाचा मध्य आणि हा बिंदू यांच्यातलं अंतर उलट वाढतं. म्हणजे वळणावर गाडीला कलवणारा जोर वाढला, आणि त्याला अडवणारी स्प्रिंग मात्र मऊ झाली. उभी असताना गाडी देखणी दिसेल, पण वरंध घाटात ती आधीपेक्षा जास्त झुकेल. म्हणून हा पर्याय मी कुणालाही सुचवत नाही.

तिसरा पर्याय: ५०० ई

हे नाव ऐकलं की डोळे चमकतात, आणि त्यात काही चूक नाही. १९९०मध्ये पॅरिसला दाखवलेली, पोर्शच्या झुफेनहाउजेनच्या कारखान्यात घडवलेली, पाच लिटर व्ही-८ची ही डब्ल्यू १२४. साध्या गाडीपेक्षा ती ५६ मि.मी. रुंद आणि २३ मि.मी. खाली आहे. साहजिकच वाटतं, तिच्या स्प्रिंगा आणल्या की आपली गाडीही २३ मि.मी. खाली.

तसं होत नाही. पुढची स्प्रिंग त्या व्ही-८चं वजन धरूनच खाली बसते. तुमच्या नाकात २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. त्या वजनाखाली ती स्प्रिंग पुरेशी दबणारच नाही. नाक खाली येण्याऐवजी वर राहील आणि चाल दगडासारखी होईल.

मागे नेमकं उलटं. ५०० ई च्या मागच्या बाजूला हायड्रॉलिक सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे वजन वाढलं तरी उंची राखणारी व्यवस्था, होतं. त्यात वजनाचा काही भार तेलाच्या दाबावर चालणारे स्ट्रट उचलतात, म्हणून स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेली असते. ती स्प्रिंग साध्या शॉकबरोबर बसवली की मागची बाजू खाली बसते आणि डोलते. नाक वर, शेपूट खाली. हाच धोका स्टेशन वॅगनच्या, म्हणजे एस १२४च्या, मागच्या स्प्रिंगांतही आहे, कारण वॅगनला सेल्फ-लेव्हलिंग असायचंच. परदेशातून ‘१२४ रिअर स्प्रिंग’ एवढंच नाव पाहून मागवणाऱ्यांनी ही खात्री आधी करावी: विकणाऱ्याकडून पार्ट नंबर घ्या आणि तो सेडानचा, साध्या शॉकचा आहे का ते तपासा.

५०० ई कडून काही घ्यायचंच असेल तर ब्रेक घ्या. तिला ते मर्सिडीजच्याच ५०० एसएल या स्पोर्ट्स गाडीकडून मिळाले होते. तो मात्र वेगळ्या लेखाचा विषय.

चौथा पर्याय: स्पोर्टलाइन, किंवा नवी लोअरिंग स्प्रिंग

स्पोर्टलाइन हे कंपनीचंच पॅकेज. स्प्रिंग आखूड आणि कडक, शॉक त्यांना जुळणारे, वळणावरचं कलणं अडवणारे अँटी-रोल बारही त्याच बेताने. गाडी साधारण इंचभर खाली. दुसऱ्या पर्यायात जे बिघडलं होतं ते इथे जमतं, कारण उंची कमी करताना कडकपणाही वाढवलेला आहे. मात्र स्पोर्टलाइनच्या स्प्रिंगाही इंजिनाप्रमाणे वेगवेगळ्या असतात. सहा सिलिंडरच्या गाडीतून काढलेली पुढची जोडी चार सिलिंडरला उंच पडेल. जोडी चार सिलिंडरचीच शोधा, आणि स्प्रिंगबरोबर शॉकही त्याच जातीचे घ्या.

अडचण वयाची आहे. आज मिळणारा स्पोर्टलाइनचा संच तीस वर्षांचा असतो. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. अशा रस्त्यांवर चाललेल्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर रंग उडून खड्डे पडलेले असतात, आणि स्प्रिंग तुटते ती नेमकी तिथेच. असे खड्डे दिसले तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

म्हणून या जागी मी आयबाख किंवा एच अँड आर या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपन्यांच्या नव्या स्प्रिंगांना झुकतं माप देतो. घट सहसा ३० मि.मी.च्या आसपास, ताण सहन करणारं पोलाद नवं, आणि पार्ट तुमच्या वजनाच्या गाडीसाठी नोंदवलेला. आखूड स्प्रिंगबरोबर बिल्स्टिनचा बी ८ शॉक घ्यावा, कारण तो आखूड स्प्रिंगसाठीच आहे. बी ४ आणि बी ६ मूळ लांबीच्या स्प्रिंगसाठी आहेत. पॅड बदलून थांबणार असाल तर बी ४ अगदी योग्य. हा सगळ्यांत महागडा पर्याय आहे, पण रोज एक्स्प्रेसवेवर गाडी पळवणाऱ्याला, घाटात मजा हवी असणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल.

डब्ल्यू २१०चं काय?

भंगारात सहज मिळणारी मर्सिडीज म्हणजे पुढच्या पिढीची डब्ल्यू २१०. तीही पुण्यातच बनली. पण तिचं पुढचं सस्पेन्शन डबल विशबोनचं, म्हणजे वर-खाली दोन आर्मचं, स्ट्रटचं नाही. पुढचं काही बसत नाही. विषय संपला.

ग्राइंडर

एखादा मेकॅनिक म्हणेल, ‘साहेब, एक वेढा कापून देतो, अर्ध्या दिवसात काम.’ नको. आठ वेढे काम करत असतील आणि एक कापला तर स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होते, हा भाग एक वेळ चालला असता. पण कापलेलं टोक बैठकीतल्या खाचेत नीट टेकत नाही. जॅक लावला किंवा चाक हवेत लोंबलं की स्प्रिंग सैल पडते, आणि परत बसताना वाकडी बसू शकते. ब्रेक लावून वळताना असं झालं तर सावरायला वेळ नसतो.

कुठलाही पर्याय घेतलात तरी

पुढची स्प्रिंग काढायला आतून धरणारा खास स्प्रिंग-कॉम्प्रेसर लागतो. बाहेरून अडकवायचे साधे हूक इथे पुरत नाहीत. दबलेल्या स्प्रिंगमधला जोर माणसाचा जीव घेऊ शकतो. ज्या गॅरेजकडे हे हत्यार नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नका.

पुढच्या खालच्या आर्मच्या बोल्टांवर एक्सेंट्रिक (फिरवले की आर्म सरकवणारे भाग) असतात, त्यांनी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) दोन्ही जुळतात. मागे मात्र कंपनीने फक्त टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) जुळवायची सोय दिली आहे, कॅम्बर नाही. गाडी खाली गेली की मागची चाकं वरून आत झुकतात. इंच-सव्वा इंच घटीपर्यंत हे चालून जातं, त्याहून खाली गेलात तर टायरची आतली कड आधी झिजते आणि मग जुळवता येणारी कॅम्बर लिंक विकत घ्यावी लागते. टायर १९५/६५ आर १५च ठेवा, निदान आपल्या रस्त्यांसाठी. खाली बसवलेल्या गाडीत पातळ टायरची भर म्हणजे रिमचा बळी.

ही मर्यादा मी गतिरोधकांमुळेही धरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. तसा तो असेल तर लांबलचक गाडीही सहज जाते. आपल्या गल्लीतले अर्ध्या मीटरात तेवढीच उंची गाठतात, आणि १२४चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २.८ मीटरचा आहे. मधला भाग घासणार तो तिथेच.

कायद्याचंही पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावीच लागते. पातळ पॅडकडे माझा ओढा आहे त्याचं हेही एक कारण. आधी आरटीओत विचारा, आणि काढलेले मूळ पार्ट विकू नका.

आता मोजमाप. काम सुरू करण्याआधी चारही चाकांचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर लिहून ठेवा. तीस वर्षांत स्प्रिंग दबलेली, दांड्यांच्या टोकांचे रबरी बुश मेलेले असतील तर गाडी आधीच खाली आलेली असते. बुश आधी बदला. नव्या उंचीवर सगळ्या दांड्यांचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळायला सांगा. हवेत लोंबत्या चाकांवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. मग काही दिवस गाडी चालवा, स्प्रिंगा बसू द्या, परत मोजा. अलाइनमेंट त्यानंतर, आणि शेवटी हेडलाइटचा झोत.