व्ही तळ घ्यावा की टनेल? ज्याला बोट पळवायचीय पण उडवायची नाही त्याच्यासाठी

माझ्या मावसभावाने फ्लोरिडात दोन जुन्या बोटी हेरून ठेवल्यात, एक २४ फुटी व्ही तळाची, म्हणजे तळ इंग्रजी V अक्षरासारखा, आणि दुसरी तेवढ्याच लांबीची टनेल, म्हणजे दोन अरुंद तळ शेजारी शेजारी, वर डेक, आणि मधून हवा जायला बोगदा. किंमत जवळपास सारखी. त्याचं म्हणणं एकच, त्याच इंजिनावर टनेल जास्त पळते ना, मग विचार कसला करायचा. पळते, वाद नाही. पण ज्या कारणाने ती पळते त्याच कारणाने ती उलटते पण, हे त्याला फोनवर सांगून कंटाळलो म्हणून इथे सविस्तर लिहितोय, अजून कुणाच्या डोक्यात हाच घोळ असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी व्ही. आजची खोल व्ही तळाची बोट खरी गाजली ती १९६० च्या मायामी ते नासाऊ रेसमध्ये, रे हंटच्या डिझाइनची ३१ फुटी 'मॉपी' खवळलेल्या समुद्रातून ८ तासांत पोचली आणि बाकीच्या कितीतरी मागे राहिल्या. तळाचा उतार मागपर्यंत साधारण २४ अंश, त्यामुळे लाट आपटत नाही, कापली जाते. पण जोरात पळवली की अख्खी बोट मागच्या जेमतेम हातभर तळावर तोललेली असते आणि तो तळ धारदार, मग ती डावी-उजवी डोलायला लागते. याला चाईन वॉक म्हणतात. मी एकदा मित्राच्या बोटीत बाजूला बसलो होतो, काटा ताशी १०० किमीच्या पुढे गेला तशी कपहोल्डरमधली पाण्याची बाटली आधी हळूच टकटक करायला लागली, मग स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरायला लागलं, आणि मग बोट या कुशीवरून त्या कुशीवर, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. त्याने स्टिअरिंगशी झटापट केली नाही, थ्रॉटल थोडा कमी केला, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, जरा आत घेतला, चार सेकंदात सगळं शांत. बाटली वाजली तेव्हापासून आमच्याकडे आरामात १० सेकंद होते. या १० सेकंदांसाठीच मी व्हीच्या बाजूने बोलतो.

आता टनेल. वेग वाढला की मधल्या बोगद्यात हवा कोंडते आणि डेकला खालून उचलते, बोटीचं बरंचसं वजन पाण्याऐवजी हवा घेते, पाण्याला टेकलेला भाग कमी होतो, म्हणून ती पळते. आणि काय मस्त पळते, डोलणं नाही, दणके नाहीत, साध्या चॉपवरून, म्हणजे छोट्या लाटांवरून, तर गालिच्यावरून गेल्यासारखी. गोम अशी की हवेची उचल वेगाच्या वर्गाने वाढते, १०० वरून १५० ला गेलात की सव्वादोन पट. आणि हवा तुमचा स्पीडोमीटर बघत नाही, तिला वाऱ्याचा वेग पण लागतो. १५० ने जाताना समोरून २० चा वारा आला तर बोटीच्या हिशोबाने १७० झाले, उचल २८ टक्के जास्त, काट्यावर मात्र १५० च.

उचल नुसती वाढली असती तरी चाललं असतं. पण नाक थोडं वर आलं की उचलीचा जोर पुढे सरकतो, वजनाच्या मध्याच्या पुढे, त्याने नाक अजून वर जातं, त्याने जोर अजून वाढतो. २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडे ज्यांच्या घरावरचे पत्रे गेले त्यांना हे वेगळं समजवायला नको, पत्रा घट्ट आहे तोवर घट्ट असतो, एक कोपरा सुटला आणि वारा खाली शिरला की मग तो हाताने धरून थांबत नाही. बोटीचं असं झालं की त्याला ब्लोओव्हर म्हणतात. टनेलचा ड्रायव्हर 'सगळं मस्त चाललं होतं' असं सांगतो ते खोटं नसतं, खरंच मस्तच चाललेलं असतं. व्ही कुरकुर करते, टनेल गप्प असते.

पाण्यावरच्या वेगाचा रेकॉर्ड करायला निघालेल्या डोनाल्ड कॅम्पबेलची बोट 'ब्लूबर्ड के७' आठवा, ४ जानेवारी १९६७, इंग्लंडमधलं कॉनिस्टन वॉटर. पहिली फेरी ताशी सुमारे ४७९ किमी, परतीच्या फेरीत त्याहून जास्त वेगात नाक उचललं गेलं आणि बोट मागच्या मागे कोलांटी खाऊन फुटली, तो गेला. ती टनेल नव्हती, जेट इंजिनची तीन टेकूंची हायड्रोप्लेन होती, पण नाकाखाली हवा शिरण्याचं गणित तेच. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने १९७८ मध्ये ताशी ५११ किमीचा तोच रेकॉर्ड केला तेव्हा त्याच्या बोटीला मागे विमानासारखं शेपूट होतं, मागून उचलून नाक खाली ठेवायला. अमेरिकेतल्या रेसिंग हायड्रोप्लेनला मागे आडवा पंख असतो आणि पुढचा छोटा पंख ड्रायव्हर पायाने हलवतो. हा तिसरा पर्याय तुमच्यासाठी नाहीच, विषय संपला. पण बघा, ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच हा आहे त्यांना शेपूट लागतं, आणि बाजारात मिळणाऱ्या टनेलला ते नसतं, तिथे सगळा भरवसा वजन कुठे ठेवलंय त्यावर आणि तुमच्या ट्रिमच्या बटणावर.

मग कुठे कुठली चालते? आपल्याकडचंच बघा ना. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी१ या रेसच्या बोटी पळाल्या, त्या व्ही तळाच्या, कारण तो उघडा समुद्र. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्रातल्या अमरावतीला एफ१एच२ओ ही बोटींची रेस झाली, त्या टनेल, कृष्णेच्या सपाट पाण्यात. त्या टनेलवाल्यांना पण २०० च्या वर जाताना मजबूत बंद कॉकपिट आणि पट्टे असतात, तुम्ही बर्म्युडा घालून उघड्यावर बसणार आहात.

भावाला ताशी १०० च्या आसपासच फिरायचंय, बायको-पोरं बरोबर, आणि खाडीतून बाहेर पडला की समोर समुद्र. त्या वेगाला टनेलचा फायदा जेमतेम सुरू होतो. त्याने व्ही घ्यावी. मोठा शांत तलाव असेल, १३० च्या वर रोज जायचं असेल आणि आधी कुणाकडून तरी नीट शिकायची तयारी असेल तर टनेल घ्या, मी अडवणार नाही.

तरी टनेलच घ्यायची असेल तर ट्रायलला जाताना दोन गोष्टी. पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघा, वजनाच्या मध्याच्या पुढे असेल तर टाकी रिकामी होत जाईल तसं नाक हलकं होत जातं, सकाळी शहाण्यासारखी वागलेली बोट दुपारी तशी वागेलच असं नाही. तीच गत पुढे बसलेला पाहुणा धक्क्यावर उतरल्यावर. आणि नाक हलकं वाटलं तर थ्रॉटल थोडा सोडायचा, एकदम बंद नाही, नाहीतर वर गेलेलं नाक तसंच पाण्यात घुसतं.

किल स्विचची दोरी, म्हणजे ड्रायव्हर जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद करणारी, दोन्हीत लावायचीच, अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना ती कायद्यानेच लावावी लागते. भावाने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पण दादा, टनेलचा लाल रंग बघितलास का तू?