लाकडी ठोकळ्यांवरचा हानिबल

प्राचीन लढाया खेळायच्या तर रंगवलेले चिमुकले सैनिकच हवेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'कमांड्स अँड कलर्स: एन्शन्ट्स' हा लाकडी ठोकळ्यांचा पटावरचा खेळ जरूर खेळून बघावा. रिचर्ड बोर्ग यांचा हा खेळ जीएमटी गेम्सने २००६ मध्ये काढला. रोम आणि त्याचा उत्तर आफ्रिकेतला शत्रू कार्थेज, दोन्ही सैन्यं एकाच पेटीत येतात, त्यामुळे समोरच्याकडे स्वतःचं सैन्य नसलं तरी अडत नाही. ठोकळ्यांवर स्टिकर मात्र आपणच चिकटवायचे. ठोकळे तीनशेच्या वर आहेत, घरातल्या पोरांनाही बसवा.

हलक्या तुकडीवर हिरवं वर्तुळ, मध्यम तुकडीवर निळा त्रिकोण, जड तुकडीवर लाल चौकोन. फाशांवरही हीच चिन्हं. पायदळाच्या तुकडीत ४ ठोकळे, घोडदळाच्या ३, हत्तींच्या २. मार बसला की एक उचलायचा. कुठली फळी विरत चालली आहे ते पटावर नजर टाकताच कळतं. रंगवलेले सैनिक मलाही देखणे वाटतात, पण तिथे नजर ढालींवर आणि शिरस्त्राणांवर रेंगाळते, आणि डावी बगल उघडी पडलेली लक्षातच येत नाही.

फाशावर झेंडा आला तर तुकडीला माघार घ्यावी लागते. मात्र लगतच्या घरांत आपल्या दोन तुकड्या असतील तर एक झेंडा सोडून देता येतो. या एका नियमाने रांग धरून उभं राहण्याची किंमत कळते. इ.स.पू. २०२ च्या झामाच्या लढाईच्या डावात तर मजाच आहे. कार्थेजचा सेनापती हानिबल याचे हत्ती मागे फिरले की शेजारी जो असेल त्याला तुडवतात, मग तो आपला असो की शत्रूचा. रोमचा सेनापती स्किपिओ याने आपल्या रांगांमध्ये हत्तींसाठी वाटा का मोकळ्या ठेवल्या, हे मला तो डाव खेळताना पटलं.

एक गोष्ट खटकते. एकच ठोकळा उरलेली जड पायदळाची तुकडीसुद्धा हातघाईत पूर्ण ५ फासे टाकते. डाव भराभर पुढे सरकावा म्हणून हे केलंय, पण थकलेल्या तुकडीचा जोर कमी व्हायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. आणि तुकड्या हलवायच्या त्या हातातल्या पत्त्यांवर, त्यामुळे मधल्या फळीला हुकूम देणारा पत्ताच हातात नसेल तर नुसतं बघत बसावं लागतं.

सुरुवात इ.स.पू. ४०६ च्या अक्रागासच्या लढाईच्या डावापासून करा. हत्ती नंतर.