दहावीच्या भूमितीसाठी कंपासपेटी : तीन पेट्यांची पारख

दहावीच्या गणिताचा दुसरा भाग, म्हणजे भूमितीची 40 गुणांची प्रश्नपत्रिका, सोडवायला 2 तास मिळतात. गणकयंत्राला परवानगी नसल्यामुळे त्या वेळात विद्यार्थ्याची सारी भिस्त स्वतःच्या डोक्यावर आणि कंपासपेटीवर असते. तरीही पेटी घेताना बहुतेक घरांत झाकणावरचे चित्र आणि किंमत यांपलीकडे काही पाहिले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. सोलापूरच्या पूर्व भागात मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. यंदा पूर्वपरीक्षेच्या आधी नवी पेठेतून तीन वेगवेगळ्या धाटणीच्या पेट्या आणून मी त्या मुलांच्या हातात दिल्या आणि त्यांवर रचना करून घेतल्या. कंपन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच छापाच्या दोन पेट्यांतले कंपासही सारखे निघतील असे नाही. प्रत्येक पेटी दुकानातच तपासून घ्यावी लागते.

पहिली पेटी नेहमीची पत्र्याची. तिच्यात धातूचा कंपास, कर्कटक, कोनमापक, दोन गुण्ये आणि 15 सेंटिमीटरची पट्टी. दुसरी प्लास्टिकची, रंगीत, झाकणावर कार्टून, आत टोकयंत्र, अक्षरांची पट्टी आणि वेळापत्रकाचे कार्ड. कंपास मात्र आखूड आणि प्लास्टिकच्या पायांचा. तिसऱ्या पेटीची किंमत पहिलीच्या दुपटीहून जास्त. तिच्यातला कंपास जड असून त्याचे पाय मधले चाक फिरवून उघडतात आणि मिटतात.

कंपासची परीक्षा मी एकाच रीतीने घेते. 5 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, कंपास मिटू न देता वर्तुळावरच्या एका बिंदूपासून त्याच अंतराने पुढे पुढे कंस मारत जायचे. सहावा कंस बरोबर सुरुवातीच्या बिंदूतून गेला पाहिजे. मध्येच सांधा हलून अंतरात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तर सहा टप्प्यांत तो साठत जाऊन शेवटी तीन मिलिमीटरहून जास्त दिसतो, म्हणून ही तपासणी डोळ्यांना लगेच कळते. चाकाचा कंपास या कसोटीला निर्विवाद उतरला. पत्र्याच्या पेटीतला कंपास थोडा सैल होता, पण वरचा स्क्रू आवळल्यावर तोही नीट चालला. प्लास्टिकच्या कंपासचे पायच दाबाने वाकत होते, त्यामुळे स्क्रू कितीही आवळला तरी सहावा कंस कधी अलीकडे पडे, कधी पलीकडे.

दुसरी कसोटी थेट अभ्यासक्रमातली आहे. 3 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे, केंद्रापासून 5 सेंटिमीटर अंतरावर बिंदू घ्यावा आणि त्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढाव्यात. त्यासाठी केंद्र आणि बाह्यबिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढावा लागतो, मध्यबिंदूतून 2.5 सेंटिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ घ्यावे लागते आणि दोन्ही वर्तुळे जिथे छेदतात ते स्पर्शबिंदू मिळतात. पायथागोरसच्या प्रमेयाने प्रत्येक स्पर्शिकाखंड 4 सेंटिमीटरच भरला पाहिजे, शिवाय दोन्ही स्पर्शिकाखंड एकमेकांइतके हवेत. इथे उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे चूक कोणाची, हाताची की साधनाची, याचा छडा लावता येतो : त्याच मुलाला दुसरा कंपास देऊन तीच आकृती पुन्हा काढायला लावायची. रंगीत पेटी घेऊन बसलेल्या एका मुलीचा एक स्पर्शिकाखंड 4.3 आणि दुसरा 3.9 भरला. पत्र्याच्या पेटीतला कंपास दिल्यावर तिचे दोन्ही स्पर्शिकाखंड 4 ला येऊन टेकले. ‘मॅडम, मला वाटायचं मला भूमितीच येत नाही,’ असे ती म्हणाली, आणि खराब साधनामुळे मुलांचा आत्मविश्वास किती खचतो हे मला त्या एका वाक्यातून नव्याने जाणवले.

परीक्षेतही याचे महत्त्व आहे. रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. कंपास घसरला की मूल दुसरा कंस मारते, मग तिसरा, आणि नेमका खरा कंस कोणता हे त्यालाही समजेनासे होते. चाकाच्या कंपासचे कंस सर्वांत रेखीव येतात, पण त्याचे पाय उघडायला वेळ लागतो आणि त्यातले बारीक शिसे तुटले तर तसलेच शिसे जवळ असावे लागते. साधी पेन्सिल लावायची सोय असलेला कंपास परीक्षेच्या खोलीत अधिक भरवशाचा, असे माझे मत आहे. मात्र त्यात आखूड पेन्सिलच बसवावी. लांब पेन्सिलने तोल जातो.

कोनमापक आणि पट्टी यांच्याबाबत तिन्ही पेट्यांत एकच अडचण दिसली. कोनमापकाची शून्याची रेषा खालच्या कडेवर नसून कडेपासून थोडी वर असते, आणि मुले कडच रेषेला लावतात. पट्टीचा शून्यही टोकापासून किंचित आत असतो. पहिल्या भागातल्या वृत्तालेखात प्रत्येक कोन मोजावा लागत असल्यामुळे ही चूक तिथेही नडते. कोनमापक पूर्ण पारदर्शक हवा. रंगीत पेटीतला दाट निळा कोनमापक खालची रेषा झाकत होता, म्हणून तो मी बाजूलाच ठेवला. गुण्या तपासायला एका रेषेवर लंब काढून, गुण्या उलटा ठेवून त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढावा. दोन रेषा एकावर एक आल्या नाहीत तर काटकोन खोटा, आणि दिसणारी फट ही प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहिलेले प्लास्टिकचे गुण्ये वाकलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षीची पेटी वापरण्याआधी एवढी तपासणी जरूर करावी.

दहावीच्या विद्यार्थ्यासाठी पत्र्याची पेटीच घ्यावी, असे मी सुचवेन. ज्यांना ऐपत आहे आणि ज्यांचा हात चाकाच्या कंपासवर सरावला आहे त्यांनी तिसरी पेटी अवश्य घ्यावी, परंतु परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. रंगीत पेटी पाचवीच्या मुलाला चालेल. दुकानात पेटी उघडून कागदावर वर्तुळ काढून पाहू द्या, असे स्पष्ट सांगावे. ज्या दुकानातून मी खरेदी केली तिथल्या काकांनी स्वतःहून कोरा कागद पुढे केला, कंपास आणि गुण्ये सुटेही मिळतात हे सांगितले. पेटीतली एकच वस्तू बिघडली तर सगळी पेटी टाकायचे कारण नाही.

थोरल्या भावाबहिणीचा जुना कंपास घरात असेल तर तो आधी बाहेर काढून पाहावा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांनी मुलाच्या जुन्या कंपासचा सांधा उघडून पुसला, त्यात पातळ वायसर घातला आणि पान्याने नट आवळून दिला. आता त्या कंपासचा सहावा कंस नेमका पहिल्या बिंदूवर पडतो.