लोखंड थंड वाकवावं की तापवून घडवावं? खेड्यातल्या वर्कशॉपसाठी तुलना

मृग लागायच्या आधीचे वीस-पंचवीस दिवस म्हणजे आमच्याकडे औजारांचा हंगाम. कुणाच्या डवऱ्याची पास, म्हणजे जमिनीत चालणारं पातं, झिजलेली असते, कुणाच्या पेरणीयंत्राचा क्लॅम्प तुटलेला असतो, कुणाला कल्टिव्हेटरचे सहा यू-बोल्ट संध्याकाळपर्यंत हवे असतात. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत वेल्डिंगचं दुकान टाकलेली पोरं याच दिवसांत विचारतात, भट्टी बंद करून थंड वाकवणारा प्रेस घेऊ का? आणि घ्यायचा तर हातपंपाचा हायड्रॉलिक, की विजेवर चालणारा पॉवर प्रेस?

माझं मत आधीच सांगतो. ३० टनी हातपंपाचा प्रेस घ्या, भट्टी मोडू नका, पॉवर प्रेसच्या वाटेला सध्या जाऊ नका. पण कोणता तुकडा प्रेसखाली जाईल आणि कोणता निखाऱ्यात, हे रोज तुम्हालाच ठरवायचं आहे. म्हणून कारणं नीट समजून घ्या.

गिऱ्हाइकाची पहिली शंका ठरलेली असते: "भाऊ, तापवल्याबिगर वाकवलं, त फुटन नाही का?" त्याला घराच्या स्लॅबचं काम दाखवा. ८ मिमीच्या सळईच्या रिंगा कारागीर थंडच वाकवतो आणि त्याच रिंगांवर घर उभं राहतं. साधं लोखंड, म्हणजे बाजारात एमएस म्हणून मिळणारी पट्टी, अँगल, प्लेट, ताणलं तर बरंच लांबतं आणि मगच तुटतं. आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या ई२५० प्रतीच्या पोलादाला तुटेपर्यंत किमान २३ टक्के लांबणं बंधनकारक आहे. ऐपत तेवढी असल्यावर एक काटकोन त्याला जड जात नाही. उलट थंड वाकवलेली जागा आधीपेक्षा कडक होते. मात्र कडक होताना तिची लवचीकता कमी होते, म्हणून तीच घडी उलगडून पुन्हा तिथेच वाकवू नका. चुकलं तर तुकडा बाजूला टाका, नवी पट्टी घ्या.

प्रेसखाली पट्टी वाकताना जवळून पाहा. बाहेरच्या अंगावरची काळी खपली आधी तडकते, मग बारीक टिकल्यांसारखी उडते आणि खाली राखाडी धातू उघडा पडतो. ती खपली फुटणं म्हणजे तडा नव्हे. तडा बहुतेक वेळा कडेपासून सुरू होतो. गॅसने कापलेली कड तशीच खडबडीत ठेवली, तर तिथला एक दातरा पुरतो. म्हणून आधी ग्राइंडरने कड गुळगुळीत करा आणि घडीचा आतला गोलावा निदान पट्टीच्या जाडीएवढा ठेवा. प्लेटमधून तुकडे कापत असाल तर लाटल्याची दिशाही बघा. घडी त्या दिशेला आडवी यायला हवी. तयार पट्टीत ती दिशा लांबीनेच असते, त्यामुळे तिथे चिंता नाही.

दाब सोडला की पट्टी थोडी उलगडते. साध्या लोखंडात एक-दोन अंश धरा, म्हणजे ९० हवे असतील तर ९१-९२ पर्यंत न्या. भट्टीत लाल केलेला तुकडा असा मागे येत नाही, हा तिचा फायदा. पण तापवल्याने खपली धरते, माल झिजतो आणि दहा क्लॅम्प केले तर दहांचं माप थोडं थोडं वेगळं येतं. थंड कामात खालचा व्ही ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा, आणि पट्टी अडवणारा थांबा पक्का केला, की पहिला क्लॅम्प आणि पन्नासावा एकमेकांवर ठेवून बघा, फरक सापडत नाही. शिवाय मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा भात्यासमोर दिवसभर उभं राहणं काय असतं हे वेगळं सांगायला नको.

किती टन दाब लागेल, यात लोक फसतात. व्ही ब्लॉकचं तोंड जाडीच्या आठपट धरलं, तर १० मिमी जाड आणि ५० मिमी रुंद पट्टीला साधारण ४ टन पुरतात. तीच जाडी ५०० मिमी रुंद असेल तर ३७-३८ टन, म्हणजे ३० टनी प्रेस तिथे हरला. आणि तोंड निम्मं केलं की दाब दुप्पट लागतो. रुंद प्लेट अधूनमधूनच येत असेल तर नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतून वाकवून आणा, त्यासाठी मोठं मशीन घेऊ नका.

आता भट्टी का ठेवायची, ते सांगतो. ट्रकचा जुना कमानपट्टा, म्हणजे स्प्रिंगचं पान, पासेसाठी मागितला जातो, कारण त्याची धार टिकते. घाईच्या एका दिवशी मी तो पट्टा सरळ करायला थंडच प्रेसखाली घातला. आता लवेल, मग लवेल म्हणत पंप मारत राहिलो. पट्टा लवला नाही, बार उडावा तसा आवाज झाला आणि अर्धा तुकडा टिनाला पोचा पाडून माझ्या पायाशी पडला. तुटलेल्या जागी बारीक दाणेदार चकाकी होती, वाकल्याची खूणही नव्हती. त्या पोलादात कार्बन जास्त आणि वर कडकपणा दिलेला, त्याला लांबायला वाव फार कमी असतो. असा माल निखाऱ्यात लाल करून लोहाराच्या हातानेच घडवावा, धार तेलात बुडवून तिला पाणी द्यावं, म्हणजे कडक करावी, आणि पुन्हा हलका ताव देऊन ठिसूळपणा काढावा. हे कसब प्रेसने भरून निघत नाही. बैलबंडीच्या चाकाची लोखंडी धावही तापवल्याशिवाय चढत नाही, पण तिथे आच आकारासाठी नसून लोखंड फुगवण्यासाठी असते. चार फुटी चाकाची धाव चांगली तापली की घेरात दोन सेंटिमीटरहून जास्त वाढते, आणि थंड होताना लाकूड आवळते.

याच्या उलट, दोन गोष्टी कधीही तापवू नका. एक, ८.८ शिक्क्याचे बोल्ट. त्यांना कारखान्यात कमावलेली ताकद असते, लालबुंद केले की ती गेली. दुसरी, जीआय पाइप. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पाइप बेंडरवर थंडच वाकवा, आत कोरडी रेती ठासून दोन्ही तोंडं बंद केली तर तो चपटा होत नाही.

पॉवर प्रेसचा हिशोब एकाच मापाचे हजारो नग असतील तरच बसतो. डाय, म्हणजे साचा, वेगळी, थ्री-फेज विजेचा भरवसा वेगळा. माझी खरी हरकत मात्र बोटांची आहे. जुन्या किल्लीच्या क्लचचा प्रेस पायाने एकदा सोडला की फेरा पुरा केल्याशिवाय थांबत नाही. सेकंडहँड स्वस्त मिळतो म्हणून तो दुकानात आणू नका, तिथे शिकायला येणारं पोर अठरा-वीस वर्षांचं असतं. हातपंपाचा प्रेस सावकाश उतरतो, हात काढायला वेळ देतो आणि लाइट गेली तरी चालतो.

प्रेस बघायला जाताना खिशात १० मिमीच्या पट्टीचा वीतभर तुकडा न्या. तिथेच काटकोनात वाकवायला सांगा. दाब धरून दोन मिनिटं थांबा आणि गेजचा काटा खाली सरकतो का ते बघा. सरकत असेल तर सील गळतंय. मग तुकड्याच्या बाहेरच्या अंगावरून नख फिरवा. नख कुठेही अडकलं नाही, तर पैशाचं बोलायला हरकत नाही.