सतरा सीडींमधली जॅकलीन द्यू प्रे

चेलो हे व्हायोलिनच्याच घरातले मोठे वाद्य. ते दोन गुडघ्यांमध्ये उभे धरून गजाने वाजवतात. त्याच्या चार तारांपैकी सर्वांत खालची तार पुरुषी खर्जात बोलते आणि वरची तार चढत चढत स्त्रीच्या आवाजाला जाऊन भिडते. ज्यांच्या कानांवर सारंगीचे संस्कार आहेत त्यांना हे वाद्य परके वाटण्याचे कारण नाही, अशी माझी समजूत होती. ती पडताळून पाहण्यासाठी जॅकलीन द्यू प्रे या इंग्रज वादिकेच्या ईएमआय कंपनीकडील समग्र ध्वनिमुद्रणांचा सतरा सीडींचा संच मी मागवला आणि गेले चार महिने अंबाजोगाईच्या माझ्या घरी, बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणानंतर, तो क्रमाने ऐकला.

जॅकलीनचा जन्म 26 जानेवारी 1945 रोजी ऑक्सफर्डला झाला. 1961 मध्ये, सोळाव्या वर्षी, लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिचे औपचारिक पदार्पण झाले. 1973 मध्ये बोटांतली संवेदना गेल्यामुळे तिला वादन थांबवावे लागले, त्याच वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले आणि 19 ऑक्टोबर 1987 रोजी ती गेली. तिच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण या आजारापासून सुरुवात करतो, आणि मग तिच्या वादनातल्या प्रत्येक दीर्घ स्वरात लोकांना पुढच्या दुःखाची चाहूल ऐकू येऊ लागते. मला हे मान्य नाही. ज्या मुद्रणामुळे ती जगभर माहीत झाली ते केले तेव्हा ती धडधाकट, वीस वर्षांची मुलगी होती. निवडक तुकड्यांच्या संकलनात विव्हळ गती (रचनेतल्या स्वतंत्र भागांना गती म्हणतात) तेवढ्या वेचून लावलेल्या असतात; समग्र संचात मात्र तिचे हसणे, तिचा दांडगेपणा आणि क्वचित तिची घाईसुद्धा सापडते, आणि माझ्या मते या संचाची खरी किंमत तीच आहे.

सुरुवात अर्थातच एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या ई मायनर कन्चेर्तोपासून केली. कन्चेर्तो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. ही रचना 1919 ची. ऑगस्ट 1965 मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर तिचे हे मुद्रण झाले. बार्बिरोली स्वतः मूळचे चेलोवादक, आणि 1919 मधल्या या रचनेच्या पहिल्या प्रयोगात ते त्याच वाद्यवृंदाच्या चेलोंच्या रांगेत बसलेले होते. त्यामुळे वाद्यवृंद कुठे मागे सरायला हवा हे त्यांच्या हाडीमासी मुरलेले असावे, असे ऐकताना सतत जाणवते. आरंभीच चेलो एकट्याने काही जड स्वरसमूह वाजवतो. जॅकलीन ते असे ओढते की गज तारेवर फिरतो आहे असे न वाटता तारेत रुततो आहे असे वाटते. मग व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून किंचित मोठी वाद्ये, एकटेच, खाली कसलाही आधार न घेता, एक हेलकावणारी सुरावट सुरू करतात, चेलो ती उचलतो, आणि थोड्याच वेळात एक सरळ आरोह घेत अगदी वरच्या स्वराला पोहोचतो. ख्यालात तार षड्जाला हात घालण्यापूर्वी गायक निषादावर जसा क्षणभर घुटमळतो, तसे ती शेवटच्या पायरीच्या अलीकडे किंचित थांबते आणि मग स्वर लावते, आणि त्याच क्षणी सगळा वाद्यवृंद अंगावर येतो. तेवढा भाग त्या रात्री आम्ही पाच वेळा ऐकला.

‘आम्ही’ म्हणजे मी, माझी पत्नी आणि शेजारी राहणारे एक निवृत्त तबलाशिक्षक. ते म्हणाले, “सर, हे तर गातंय की हो! पण सम कुठं आहे, ते सांगा आधी.” प्रश्न रास्त होता. पाश्चात्त्य कन्चेर्तोत आवर्तनाची सम नसते, आणि एल्गारच्या तिसऱ्या, मंद गतीत तर ठेकाही पाण्यात विरघळल्यासारखा होतो. जेमतेम साठ मात्राखंडांची ती गती. त्यातला एखादाच खंड चेलो गप्प राहतो, बाकी सगळी कैफियत तोच मांडतो. स्वरावरून स्वरावर जाताना जॅकलीन जी मींड घेते तिच्यावर आजचे वादक नाक मुरडतात, कारण आता स्वच्छ, सुटे स्वर लावण्याकडे कल आहे. आपल्या कानांना मात्र तीच मींड ओळखीची वाटते. सोनेरी महालासमोर वेरूळ-अजिंठा महोत्सवात रात्री उशिरापर्यंत बसलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

तबलाशिक्षकांचे समाधान केले ते हायडनच्या सी मेजर कन्चेर्तोने. ही रचना जवळजवळ दोनशे वर्षे हरवलेली होती आणि 1961 मध्ये तिची हस्तलिखित प्रत प्रागमध्ये सापडली. 1967 मध्ये जॅकलीनने ती डॅनिएल बॅरनबॉइम यांच्या संचालनाखाली इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर मुद्रित केली. त्याच वर्षी जूनमध्ये दोघांचे जेरुसलेमला लग्न झाले. शेवटची गती म्हणजे द्रुतातली धावपळ आहे. एक लांब स्वर बाहेरून दबकत आत शिरतो आणि एकदम पळायला लागतो, तेव्हा ही मुलगी वाजवताना हसत असणार याबद्दल शंका राहत नाही. हायडनला इतका वजनदार गज शोभतो का, हा प्रश्न मलाही पडला. काही ठिकाणी ती अठराव्या शतकातल्या माणसाला एकोणिसाव्या शतकातला अंगरखा चढवते. तरी तो अंगरखा बेंगरूळ दिसत नाही.

ड्वोर्झाकचा कन्चेर्तो 1970 चा, शिकागो सिम्फनीबरोबरचा. या मुद्रणाने माझी थोडी निराशा केली. संथ जागा इतक्या संथ केल्या आहेत की ओघ तुटतो, आणि वाद्यवृंदाचे पितळी आवाज बसक्या खोलीत सनई-चौघडा लावावा तसे आदळतात. अपवाद अखेरच्या काही मिनिटांचा. 1895 मध्ये मेव्हणी योसेफिना वारल्यावर ड्वोर्झाकने हा शेवट पुन्हा लिहिला आणि तिला आवडणाऱ्या आपल्याच गीताची ओळ त्यात आणली. तिथे जॅकलीन आवाज कमी करत करत असा काही आणते की तो थांबला केव्हा हे नेमके सांगता येत नाही. शूमान, सां-साँ, डेलियस हे सारे संचात आहे. त्यातला शूमान दुसऱ्यांदा ऐकावासा वाटला, डेलियस वाटला नाही.

बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइटांपैकी, म्हणजे नृत्यखंडांच्या मालिकांपैकी, फक्त पहिल्या दोन येथे मिळतात, त्याही 1962 मधल्या बीबीसीच्या प्रसारणातून घेतलेल्या. सतरा वर्षांची मुलगी, साथीला कोणी नाही. काही नृत्यखंड शाळकरी वाटतात, पण दुसऱ्या, डी मायनर सुइटचा आरंभ ऐकताना आमच्याकडची वीज गेली आणि सीडी मध्येच बंद पडल्यावर तिघांपैकी कोणीही काही बोलले नाही. उरलेल्या चार सुइट तिच्याकडून मुद्रित व्हायला हव्या होत्या, ही हळहळ मात्र राहतेच.

तक्रारी आहेत त्या वस्तूविषयी. सीडी पातळ पुठ्ठ्याच्या पाकिटांत आहेत आणि पाकीट इतके घट्ट की सीडी काढताना बोटांचे ठसे उमटतातच. ज्या विक्रेत्याकडून मी संच मागवला त्याने खोका नुसता कागदात गुंडाळून पाठवला. एक कोपरा चेपलेला आला आणि एका सीडीवर चरा होता. ती बदलून मिळायला पाच आठवडे आणि सात पत्रे लागली. आणखी एक सांगायचे म्हणजे हे संगीत मोबाइलच्या टीचभर स्पीकरवर ऐकू नये. चेलोचा खर्ज त्यात पोहोचतच नाही, वरचे नाकातले स्वर तेवढे उरतात आणि ऐकणारा विनाकारण वाद्याला नावे ठेवतो. जुना का होईना, लाकडी पेटीचा स्पीकर असावा.

ज्यांना केवळ एल्गार हवा आहे त्यांनी संचाच्या फंदात पडू नये. ते मुद्रण जॅनेट बेकर यांनी गायिलेल्या ‘सी पिक्चर्स’ या एल्गारच्याच गीतमालेसह एकाच सीडीवर सुटे मिळते. परंतु डिसेंबर 1971 मध्ये केलेली फ्रँक आणि शोपँ यांच्या सोनाटांची, म्हणजे इथे चेलो आणि पियानो यांच्या जोडरचनांची, मुद्रणे ज्यांना ऐकायची असतील त्यांनी पूर्ण संच घ्यावा. तिचे स्टुडिओतले काम तिथे संपले. त्याआधी कित्येक महिने तिने वाद्य जवळजवळ बाजूला ठेवलेले होते. फ्रँकचा सोनाटा मूळचा व्हायोलिनचा. चेलोवर तो अधिक सावळा होतो. शोपँची संथ गती तर चार मिनिटांच्या आतली. तीत ती एकही स्वर ताणून मोठा करत नाही, दुःख दाखवायला जात नाही. पियानोवर बॅरनबॉइम जागा करून देतात आणि ती त्या जागेत अगदी साधेपणाने येऊन बसते.

माझ्या खोक्यात सध्या सोळाच सीडी आहेत. हायडनची तबलाशिक्षक घेऊन गेले आहेत. शेवटच्या गतीच्या मात्रा मोजून झाल्या की परत देतो म्हणाले होते, त्याला आता सहा आठवडे झाले.